वाडा कशावर उभा असतो?

धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे निघालात, की मालेगावच्या पुढे चांदवड लागते. एके काळी हे होळकरांचे गाव. अहिल्याबाई होळकरांच्या काळातला रंगमहाल येथे आहे. आत कोरीव लाकडी खांबांच्या रांगा आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एवढ्या जाड भिंतींनीच वाडा तोलून धरला असेल. खरेच तसे असते का?

खानदेशातल्या एखाद्या धाब्याच्या वाड्यात जा आणि छपराकडून खाली पाहत या. वर मातीचा थर. त्याखाली किलचण, म्हणजे जवळजवळ बसवलेले लाकडाचे तुकडे. किलचण कड्यांवर, कड्या तुळईवर आणि तुळई खांबांवर टेकलेली असते. म्हणजे छपराचा भार मुख्यतः लाकडी सांगाडाच वाहतो! भिंत आडोसा देते, ऊन-थंडी अडवते. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. म्हणूनच घर मोजायचे ते 'पाच खणांचे', 'सात खणांचे' असे.

खांबाखाली दगडी तळखडा कशासाठी? लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच. खांबाचे टोक ओल्या मातीत राहिले, तर ओल वर चढते. मग बुरशी आणि वाळवी लागते. तळखडा लाकडाला मातीपासून दूर ठेवतो.

आता एक प्रयोग करा. पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट बनवा. बाजूने ढकला, ती कलते. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी जोडा. आता चौकट हलत नाही, कारण तिचे दोन त्रिकोण झाले. काश्मीरमधल्या 'धज्जी देवारी' घरांच्या भिंतींत अशा तिरप्या पट्ट्या असतात. आपल्या वाड्यांत त्या सहसा नसतात. सांगाड्याचे डोलणे भिंतीच रोखतात. म्हणून भिंतही मजबूत हवी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या. सुमारे ८,००० माणसे दगावली. काही घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा होता!

तुमच्या गावातल्या जुन्या वाड्यात जाल, तेव्हा खण मोजा आणि खांबांच्या पायाशी वाकून पाहा. नवी फरशी चढवताना तळखडा बुजला असेल, तर मोठ्या माणसांच्या लक्षात आणून द्या. खांब पायाशी कुजला, तर वरची नक्षी वाडा सावरू शकत नाही.