हवेला वाट

इंजिन हवा ओढून घेतं असं आपण सहज म्हणून जातो, पण हवा ओढता येत नाही. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरचं वातावरण, आपल्या डोक्यावर उभा असलेला तो मैलोगणती उंच थर, हवेला आत ढकलतं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा भार. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला एवढीच मदत मिळते. ती फुकट मिळते, पण मागून वाढत नाही. माणसाच्या हातात उरते फक्त हवेची वाट, आणि ही वाट कोरलेली असते सिलिंडर हेडमध्ये.

म्हणूनच जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड बदलणं मला मोटारविद्येतलं सगळ्यात थक्क करणारं काम वाटतं. खालचा ब्लॉक तोच, क्रँकशाफ्ट तोच, इंजिनाचा आकार एका सीसीनेही वाढलेला नाही. वरचा धातूचा एक तुकडा बदलला, आणि इंजिनाचा स्वभावच पालटला.

असं एकदा इतक्या ठळकपणे घडलं की त्यातून एक नाव जन्माला आलं. १९३५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत विल्यम लायन्स यांची एसएस कार्स ही कंपनी दिसायला अतिशय देखण्या गाड्या बनवत होती. इंजिन मात्र ती स्टँडर्ड मोटर कंपनीकडून घ्यायची: सहा सिलिंडर एका रांगेत, २,६६३ सीसी, साइड-व्हॉल्व्ह, ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. गाडीच्या रूपाला शोभेल असा वेग तिच्यात नव्हता. लायन्स यांनी हॅरी वेस्लेक या माणसाला गाठलं आणि ९५ अश्वशक्ती मागितली. वेस्लेक यांनी त्याच इंजिनासाठी ओव्हरहेड व्हॉल्व्हचं नवं हेड आखलं आणि आकडा शंभराच्या पुढे गेला. त्या इंजिनाच्या नव्या गाडीला लायन्स यांनी नाव दिलं एसएस जॅग्वार.

एका हेडने एवढा फरक पडावा हे पटण्यासाठी साइड-व्हॉल्व्हची रचना डोळ्यांसमोर आणायला हवी. तिथे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच, तोंड वर करून बसलेले असतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण खालून वर येतं, हेडच्या छताला अडतं, आडवं वळतं आणि मग पुन्हा खाली सिलिंडरमध्ये उतरतं. जळालेल्या वायूला हेच सगळं उलट दिशेने करावं लागतं. यात एक पेच आहे आणि तो सुटत नाही. ताकद वाढवायला कॉम्प्रेशन वाढवावं, तर हेडचं छत खाली आणावं लागतं, आणि छत खाली आणलं की व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाटच चेपते. एक हात देतो ते दुसरा काढून घेतो. व्हॉल्व्ह उचलून पिस्टनच्या वर नेले की पेच संपतो. सुटसुटीत, साधी इंजिनं हवी होती तोवर साइड-व्हॉल्व्हने जगाची उत्तम सेवा केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात जोडलेल्या सुरुवातीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्यांतही साइड-व्हॉल्व्हच होते, सहाच्या सहा सिलिंडर एका रांगेत.

वेस्लेक १८९७ सालचे, एक्झिटर गावचे, गॅसची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्याच्या वातावरणात वाढलेले. वायू कसा वाहतो हे त्यांनी मोटारीच्या आधी पाहिलं असणार, आणि त्यांचं वेगळेपण तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. इंजिन सुरू न करता, नुसतं हेड टेबलावर ठेवून, त्यातून हवा सोडून ती किती जाते हे ते मोजत. आज याला फ्लो बेंच म्हणतात. या मोजणीने कारागिरांच्या कितीतरी समजुती मोडल्या आहेत. पोर्ट, म्हणजे हेडमधली हवेची वाट, आरशासारखा घासून चकचकीत केला की हवा सुसाट जाते, ही त्यातली एक. चकाकीने फारसं काही मिळत नाही. मिळतं ते आकाराने. पोर्ट जिथे वळून व्हॉल्व्हच्या सीटकडे येतो तिथला आतला बाक, सीटच्या लगेच वरचा गळा, सीटचे कोन. नखभर धातू योग्य जागचा काढला तर हवा मोकळी होते, आणि चुकीच्या जागचा काढला तर पोर्ट मोठा होऊनही ती मंदावते.

व्हॉल्व्हची भूमितीही गमतीची आहे. व्हॉल्व्ह उचलला की त्याच्या कडेभोवती गोल फट तयार होते. तिचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले उचल. ही फट व्हॉल्व्हच्या पूर्ण वर्तुळाएवढी होते, तेव्हा उचल असते व्यासाच्या बरोबर पाव. ४४ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला ११ मिलिमीटर. त्यापुढे कितीही उचला, अडचण फटीत राहत नाही, ती मागे पोर्टमध्ये सरकते. शाळेतल्या वर्तुळाच्या दोन सूत्रांतून एवढं कळतं!

याच वेस्लेक यांचा हात पुढे जॅग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनालाही लागला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याच्या छतावर बॉम्बच्या आगीवर रात्रभर नजर ठेवण्याची पाळी असे. त्या रात्री लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी शांततेच्या काळातलं इंजिन रंगवलं. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ते एक्सके १२० या गाडीत दिसलं: ३,४४२ सीसी, १६० अश्वशक्ती, अॅल्युमिनियमचं हेड, वर दोन कॅमशाफ्ट, आणि अर्धगोल घुमटासारखा ज्वलनकक्ष, ज्यात व्हॉल्व्ह एकमेकांशी ७० अंशांचा कोन करून बसतात.

या इंजिनाचं गणित मी हौसेने मांडून पाहतो. मिनिटाला ५,००० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद. इनलेट व्हॉल्व्ह साधारण दोन तृतीयांश फेरा उघडा राहतो, म्हणजे ८ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ५७४ सीसीचा सिलिंडर भरायचा. त्यासाठी व्हॉल्व्हच्या गळ्यातून हवेला ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने धावावं लागतं, मग थांबायचं, मग पुन्हा धावायचं, सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा. हे सगळं उभ्या माणसाच्या छातीवर बसतो त्याच हवेच्या भाराने.

आणि नुसतं भरून भागत नाही. एक्सकेच्या मूळ हेडमधले इनलेट पोर्ट मुद्दाम वाकवलेले होते, कारण त्या बाकाने मिश्रण सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखं फिरत उतरतं आणि फिरणारं मिश्रण भराभर, नीट जळतं. १९५८ साली एक्सके १५० एस या गाडीसाठी पोर्ट सरळ केले गेले. भोवरा थोडा कमी झाला, पण जास्त फेऱ्यांना हवा जास्त जाऊ लागली. तीन कार्बोरेटर आणि ९:१ कॉम्प्रेशनसह त्याच ३.४ लिटरमधून कंपनीने २५० अश्वशक्तीचा दावा केला. सावकाश चालवायच्या गाडीला मात्र मी वाकडे पोर्टच ठेवीन. मोठं ते चांगलं, हा नियम हेडला लागू नाही. गळा फार रुंद केला की कमी फेऱ्यांना हवेचा वेग पडतो आणि गाडी चौकातून निघताना दम खाते.

सहा सिलिंडरची रांग लांब असते, आणि ती लांबी हेडची खरी परीक्षा घेते. अमेरिकेत फोर्डने १९६० च्या मॉडेलच्या फाल्कन गाडीसाठी जे छोटं सहा सिलिंडरचं इंजिन काढलं, त्यात इनटेक मॅनिफोल्ड हेडसोबत एकाच ओतकामात ओतलेला होता. मॅनिफोल्ड म्हणजे हेडच्या कडेने जाणारी एक जाड नळी, तिच्या मधोमध एक कार्बोरेटर. स्वस्त, हलकं, टिकाऊ. हेच हेड पुढे पहिल्या मस्टँग गाड्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांवरही आलं. पण पंगतीत वाढपी मधेच उभा राहिला तर टोकाच्या पानांवर जसं कमी पडतं, तसं इथे पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरचं होई. शिवाय मॅनिफोल्ड सुटाच होत नसल्याने दुसरा बसवायची सोय नाही. ऑस्ट्रेलियात याच घराण्याच्या इंजिनाला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुट्या मॅनिफोल्डचं हेड मिळालं, आणि १९७६ मध्ये एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने धूर बाहेर असं क्रॉसफ्लो हेड. अमेरिकेतले हौशी मालक समुद्रापलीकडून ती सुट्या मॅनिफोल्डची हेड आणवून आपल्या ब्लॉकवर बसवू लागले, ते उगाच नाही.

आपल्याकडे व्हॉल्व्ह वर नेण्याचा हा बदल लाखो लोकांच्या खालून गेला, बहुतेकांना न कळता. अॅम्बेसेडर सहा नव्हे, चार सिलिंडरची. पण १९५९ साली तिचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन जाऊन १,४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या त्या इंजिनाच्या ज्वलनकक्षामागे वेस्लेक यांचंच काम होतं.

जुनं हेड बदलायचं नसेल, त्याच हेडवर काम करायचं असेल, तरी हिशेब असाच बारीक लागतो. गॅरेजमध्ये हेड फेसिंगला, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करायला, देतात तेव्हा काय होतं पाहा. ५७४ सीसीच्या सिलिंडरला ८:१ कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर असताना ८२ सीसी जागा उरायला हवी. ९:१ साठी ७२ सीसी. फरक दहा सीसीचा, म्हणजे दोन चहाचे चमचे. उलटही खरं: फोर्डच्या त्या इंजिनाला मुळात पातळ पत्र्याचं गॅस्केट असे. त्याजागी आजचं जाड गॅस्केट घातलं की प्रत्येक सिलिंडरमागे चारेक सीसी जागा वाढते आणि कॉम्प्रेशन गुपचूप उतरतं. म्हणून फेसिंग करणाऱ्याने आधी गॅस्केटची जाडी विचारावी. लोखंडी हेड असेल तर त्याच वेळी एक्झॉस्टला कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरून तिला जपत असे. आपल्याकडे २००० साली ते पेट्रोल बंद झालं.

साइड-व्हॉल्व्हच्या जागी नवं हेड चढलं, टॅपेट सेट झाले, आता ठिणगीची वेळ. जुन्या सवयीने डिस्ट्रिब्युटर होता तिथेच ठेवला तर इंजिन नॉक करील. साइड-व्हॉल्व्हच्या पसरट, आडव्या कक्षात ज्वाळेला लांब जावं लागायचं, म्हणून ठिणगी बरीच आधी द्यावी लागे. नव्या हेडच्या आटोपशीर कक्षात मिश्रण लवकर जळून होतं, म्हणून ठिणगी काही अंश उशिरा द्यायची. टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण पाहत डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवावा. इंजिन कमी ॲडव्हान्सवर जास्त जोर देऊ लागलं, की हेडचं काम बरोबर झालं असं समजावं.