मरळीसाठी रॉड घेताना

बडनेऱ्याकडच्या तळ्यांवर गळ टाकून बसलेल्या माणसाच्या हातात बहुधा बांबूची काठी असते. तिला तंगुसाची दोरी, मोरपिसाच्या काडीचा तरंगा आणि गळाला गांडूळ. ही काठी वाट बघण्याची. पाण्यावरून रबरी बेडूक नाचवत मासा उठवायचा हा खेळ मात्र वेगळा आहे. इथे दर मिनिटाला आमिष फेकायचं आणि ओढत परत आणायचं असतं. यासाठी रॉड घ्यायला निघालं की जो सल्ला मिळतो तो जवळपास सगळा अमेरिकेतल्या बास माशाचा. बास आपल्या तळ्यांत नाही. आपल्याकडे आहे ती मरळ.

मरळ कल्ल्यांबरोबरच हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला अधूनमधून वर यावंच लागतं. राहते कुठे, तर काठच्या उथळ पाण्यात, जलपर्णीच्या आणि शिंगाड्याच्या पानांखाली, बेशरमच्या झुडपांच्या मुळाशी. वरून बेडूक सरपटला की ती त्याला झडपते आणि त्याच दमात खाली गचपणात घुसते. तिथे तिने दोरीचा वेढा घातला की मासा गेलाच, बेडूकही गेला. तेव्हा रॉडची खरी परीक्षा त्या दोन-तीन सेकंदांत होते. बाकी दिवसभर तो नुसता फेकायच्या कामाचा.

रॉडवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते. एक पॉवर, दुसरी ॲक्शन. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो; ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. ओल्या बांबूची लांब काठी टोकाला मासा लागला की मधोमध कमान होते, ही संथ ॲक्शन. आता बैलाच्या तुतारीला पुढे हातभर लवचीक काडी बांधल्याची कल्पना करा. टोक लवतं, मागचा दांडा हलत नाही. ही फास्ट ॲक्शन. मरळीला हीच हवी. टोक थोडं लवलं नाही तर दहा-पंधरा ग्रॅमचा बेडूक लांब जात नाही. मागचा भाग ताठ नसला तर तिच्या हाडाच्या जबड्यात गळ रुतत नाही आणि ती गवतातून बाहेरही ओढली जात नाही.

पॉवर मीडियम-हेवी घ्यावी. रॉडवर ‘एमएच’ असं छापलेलं असतं आणि शेजारी आमिषाचं वजन, साधारण 10 ते 28 ग्रॅम. हा आकडा पॉवरच्या नावापेक्षा जास्त विश्वासाचा, कारण एका कंपनीचा मीडियम-हेवी दुसरीच्या हेवीएवढा निघू शकतो. गचपण फारच दाट असेल तर हेवी. पण त्याने हलका बेडूक फेकताना खांदा भरून येतो.

लांबीचा हिशेब पायाखालच्या जमिनीवरून करावा. बांधावर उंच उभं राहून फेकायचं असेल तर 7 फूट. पाण्याच्या कडेला, मागे बाभळी असतील तर साडेसहा फूट पुरे. बेडूक डावी-उजवीकडे डुलवायचा तर टोक पाण्याकडे खाली ठेवून मनगटाने हलके झटके द्यावे लागतात. रॉड फार लांब असला की टोक पाण्यात बुडतं आणि मूठ फार लांब असली की पोटाला अडते.

आता एक अपवाद. तीन-तीन काट्यांचे गळ लोंबणारी लाकडी किंवा प्लास्टिकची तरंगती आमिषं उघड्या पाण्यात चालवायची असतील, तर हाच ताठ रॉड घात करतो. बारीक काटे झटक्याने निसटतात. तिथे जरा मऊ, मधल्या ॲक्शनचा रॉड बरा. पण एकच घेणार असाल तर बेडकाचाच घ्या. आपल्या तळ्यांत उघडं पाणी कमी आणि मरळ तिथे असते त्याहून कमी.

दोरी विणलेली, 30 ते 40 पौंडांची. ती ताणली जात नाही आणि तरंगते. फ्लुरोकार्बन बुडतो, बेडकाचं तोंड खाली ओढतो. नवख्याने स्पिनिंग रील घ्यावं. बेटकास्टर रीलवर दोरीचा जो गुंता होतो तो सोडवण्यात पहिला महिना जातो.

दुकानात रॉड छताला टेकवून वाकवू नका, टोक तिथेच मोडतं. कड्यांतून दोरी ओवा, दुसऱ्याला तिचं टोक कमरेच्या उंचीवर धरायला सांगा आणि रॉड सावकाश उचला. पुढचा तिसरा हिस्सा वाकून बाकीचा थांबला, तर तो तुमचा.

तळ्याची मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. आधी त्यांना विचारावं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आणि काटेपूर्णा अभयारण्यात गळ काढूच नये. पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस घोळका दिसला तर तिथे बेडूक टाकू नये. खाली आई-बाप राखणीला असतात आणि भुकेने नाही, रागाने झडपतात.

रॉड दोन तुकड्यांचा घ्यावा. 7 फुटांचा अखंड रॉड गाडीत कुठेच मावत नाही. दोन तुकडे झाले की साडेतीन फुटांची पिशवी. शिवाय रॉड कार्बनचा असेल तर त्यातून वीज वाहते. बडनेरा स्टेशनात रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, तेव्हा फलाटावर रॉड जोडून उभा धरायचा नाही. आणि जुलैत ढग गडगडले की तळ्यावरही तो आडवा ठेवून तिथून लांब व्हायचं.