झटपट क्रिकेटने वनडेचा हिशोब कसा बदलला?

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या मिरे गावची किरण नवगिरे हिने ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध खेळताना अवघ्या ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमधील ते सर्वांत जलद शतक ठरले. त्याआधी २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने नाबाद १६२ धावा केल्या होत्या. टी-ट्वेंटी सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय. पुरुषांतही तोवर कोणाला ते जमले नव्हते.

हे आकडे वीस षटकांच्या खेळातले आहेत. पण या खेळाची सवय लागलेले फलंदाज ५० षटकांच्या सामन्यात उतरले, तेव्हा तिथले जुने विक्रमही एकेक करून मागे पडले. हा बदल किती मोठा आहे, हे थोडे मागे वळून पाहिले की कळते.

१७४ चेंडूंत ३६ धावा

पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना १९७१ साली मेलबर्नला झाला. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल सुनील गावसकर शेवटपर्यंत नाबाद राहिले, पण १७४ चेंडूंत त्यांच्या धावा होत्या ३६! कसोटीचे तंत्र वनडेत कसे वापरायचे, हेच तेव्हा पुरते उमगलेले नव्हते. त्याच गावसकरांनी १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. वनडेतले ते त्यांचे एकमेव शतक. म्हणजे खेळाडू शिकत होते, वेग वाढत होता. आणि तेव्हा टी-ट्वेंटीचे नावही कोणी ऐकले नव्हते.

मोठे विक्रमही त्याआधीचे आहेत. शाहिद आफ्रिदीने १९९६ मध्ये नैरोबीत ३७ चेंडूंत शतक केले. तो विक्रम १७ वर्षे टिकला. सईद अन्वरने १९९७ मध्ये चेन्नईत भारताविरुद्ध १९४ धावा केल्या. त्याच वर्षी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या. वनडेतले पहिले द्विशतक एका महिलेचे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात झालेले, ही गोष्ट आजही अनेकांना ठाऊक नसते.

२०१० नंतरचा पूर

इंग्लंडमध्ये २००३ साली व्यावसायिक टी-ट्वेंटी सुरू झाले. २००७ मध्ये पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला आणि २००८ मध्ये आयपीएल आली. पुरुषांच्या वनडेत १९७१ पासून ३९ वर्षे एकही द्विशतक झाले नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये सचिन तेंडुलकरने ग्वाल्हेरला नाबाद २०० धावा केल्या, आणि २०२४ अखेरपर्यंत अशी १२ द्विशतके झाली. त्यातली तीन एकट्या रोहित शर्माची. २०१४ मध्ये ईडन गार्डन्सवर त्याने २६४ धावा केल्या. आफ्रिदीचा ३७ चेंडूंचा विक्रम मोडल्यावर साधारण वर्षभराने एबी डिव्हिलियर्सने शतक ३१ चेंडूंवर आणले. संघाची धावसंख्या २०२२ मध्ये ४९८ पर्यंत गेली. ती इंग्लंडने नेदरलँड्सविरुद्ध केली होती.

मात्र सगळे श्रेय टी-ट्वेंटीला देणे बरोबर नाही. बॅटी जाड झाल्या, सीमारेषा आत आल्या आणि नियमही फलंदाजांच्या बाजूला झुकले. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. जुना झालेला चेंडू रिव्हर्स स्विंग करणे हे त्याचे हुकमी अस्त्र होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळे नवे चेंडू वापरायचा नियम आला. प्रत्येक चेंडू जास्तीत जास्त २५ षटकेच वापरला जाऊ लागल्याने ते अस्त्र जवळपास बोथट झाले. पुढच्या वर्षी वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवण्याची अट आली. २०१५ मध्ये शेवटच्या दहा षटकांसाठी पाचव्याला परवानगी मिळाली, आणि २०२५ मध्ये ३४ षटकांनंतर दोन्हींपैकी एकच चेंडू वापरायचे ठरले. गोलंदाजांवर अन्याय होतो आहे, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

सब्र अजून संपलेला नाही

सोलापूरचाच अर्शीन कुलकर्णी पाहा. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार होते. तोच अर्शीन जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात पंजाबविरुद्ध १३७ चेंडू खेळला, १०७ धावा केल्या आणि महाराष्ट्राने सामना जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक केले. पुरुष किंवा महिला, कोणत्याही भारतीयाचे वनडेत त्याहून जलद शतक तोवर झाले नव्हते. पण ४१३ धावांचा पाठलाग करताना भारत ३६९ वर बाद झाला. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नवी मुंबईत भारताने त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चे लक्ष्य गाठले. तिथे जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर आली आणि नाबाद १२७ धावा करून शेवटपर्यंत उभी राहिली.

घरातल्या मोठ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा सहा-आठ षटकांच्या असतात. तिथे मुलगा षटकार मारतो, टाळ्या मिळतात आणि अब्बांना वाटते, पोरगा आयपीएलला निघाला. पण सरळ बॅटने बचाव करणे, चेंडू सोडून देणे, एकेक धाव पळून काढणे हे शिकायला वर्षे लागतात. वनडे अजूनही तेच मागते. १९५५ मध्ये कसोटीत भारताचे पहिले द्विशतक करणारे पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले होते. त्यांच्या काळी षटकांची मर्यादाच नव्हती. आजच्या मुलाला दोन्ही यायला हवे.

आणि ‘मुलाला’ म्हणताना मुलीलाही धरावे. किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होती, क्रिकेटकडे ती उशिरा वळली, तरी भारतीय संघापर्यंत पोहोचली. घरातल्या एखाद्या मुलीचा हात बॅटवर बसत असेल, तर अभ्यासाबरोबर तिच्या सरावासाठीही वेळ आणि सोबत काढून द्यावी. आपल्याच जिल्ह्यात त्याचे उदाहरण आहे.