हेवीचं लायसन आहे, पण गाडी कोण देणार?

‘हेवीचं लायसन हातात आलंय, आता नोकरी कुठं मिळेल?’ हा प्रश्न घेऊन महिन्याला चार-पाच तरुण तरी माझ्याकडे येतात. बावीस वर्षं मी मालाच्या गाड्या चालवल्या. आता एका वाहतूकदाराकडे नवे ड्रायव्हर पारखायचं काम करतो. मालक येणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न विचारतो, ‘अगोदर कुठं होतास?’ आणि गाडी तिथंच अडते. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. एसटीतही चालकाच्या जागेसाठी अवजड वाहनाचा आधीचा अनुभव मागतात.

मालकाची बाजूही ऐकायला हवी. गाडी लाखो रुपयांची, बहुधा कर्जावर घेतलेली. वर लादलेला माल परक्याचा. हे सगळं एका माणसाच्या हाती सोपवून त्याला रात्री घरी झोपायचं असतं. नुसत्या लायसनवर त्याला झोप कशी लागेल?

लायसन मिळवायची वाट तशी सरळ आहे. आधी हलक्या मोटारीचा परवाना, तो एक वर्ष जुना झाल्यावर व्यावसायिक अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना, त्यासाठी वय किमान २० वर्षं, डॉक्टरांचा १-अ नमुन्यातला दाखला आणि ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. तरी वाचता यायलाच हवं. ई-वे बिल, वजनकाट्याची पावती आणि गोदामाचा पत्ता ज्याला वाचता येत नाही, तो जागोजागी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

पण शिकवणीची गाडी रिकामी असते आणि रस्ता सपाट. सहाचाकी ट्रक भरला की त्याचं गाडीसकट वजन साडेअठरा टनांपर्यंत जातं, आणि तो कसारा घाट उतरायला लागला की गोष्टच निराळी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या उस्तादांची शिकवण. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, की ती ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, आणि पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबत नाही. हवेच्या ब्रेकचा काटा वर आल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, हेही त्यातलंच. वळणावर मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून जातं. पुढचा भाग निघाला म्हणून निर्धास्त झालेल्याची मागची चाकं कठड्याला घासतात, नाहीतर बाजूच्या दुचाकीवाल्याला दाबतात.

हे सगळं शिकायची शाळा म्हणजे क्लीनरची जागा. खेड्यात त्याला ‘किन्नर’ म्हणतात आणि हसतात. हसू नये. टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणं, ताडपत्री आणि दोर बांधणं, मागं उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणं, पत्र्यावर थाप मारून थांबवणं, यातून ड्रायव्हरला आरशात काय दिसत नाही ते त्याला आपोआप कळतं. आमच्या पिढीतले बहुतेक ड्रायव्हर याच दारातून आत आले. पण आता खर्च वाचवायला कितीतरी मालक क्लीनर ठेवतच नाहीत. टोल फास्टॅगवर कापला जातो, पत्ता मोबाइल सांगतो, मग दुसरा माणूस कशाला, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर असेल. मात्र उद्याचे ड्रायव्हर यातून कुठून तयार होणार, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

क्लीनरची जागा मिळाली, तरी रात्री रस्ता मोकळा आहे म्हणून उस्तादानं ‘घे जरा’ म्हटलं, तर हात लावू नका. शिकाऊ परवाना, शेजारी त्याच प्रकारच्या गाडीचा पक्का परवाना असलेला माणूस आणि पुढे-मागे लाल ‘एल’, एवढं असेल तरच बसायचं. नाहीतर अपघातानंतर गुन्हा चालवणाऱ्यावर दाखल होतो आणि विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

क्लीनरचं दार अरुंद झालं, तसं छोट्या टेंपोचं उघडलं. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ नाव दिलं. मालासकट साडेसात हजार किलोंच्या आत भरणारी अशी मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. मी मुलांना हीच वाट सांगतो. हेवीचा परवाना येईपर्यंतचं वर्ष रिकामं घालवू नका. पहाटे भाजी भरून मार्केट यार्डाच्या गर्दीत गाडी मागं घेऊन गाळ्याला लावणारा पोरगा वर्षभरात जे शिकतो, ते मैदानावर शिकता येत नाही. तिथून पुढं मोठा टेंपो, मग जवळच्या फेऱ्यांची सहाचाकी. ट्रेलर मात्र पहिल्या नोकरीत मागूच नका. मागं घेताना त्याचं स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं.

पहिलं काम मागायला मोठ्या कंपनीच्या फाटकापेक्षा दोन-तीन गाड्यांचा मालक बरा. त्यातही गावाकडचा, आपल्या घरच्यांना ओळखणारा असेल तर उत्तम. निगडी, कळंबोली, भिवंडी अशा ठिकाणी जाऊन सकाळी उभं राहिलं की कोणाचा ड्रायव्हर सुट्टीवर आहे ते चहाच्या टपरीवर कळतं. नवा मुलगा आला की मी त्याला लगेच स्टिअरिंगवर बसवत नाही. किल्ली देतो आणि बघत राहतो. जो थेट केबिनमध्ये चढतो त्याला थोडं थांबवतो. जो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, टायर बघतो, खाली तेल गळतंय का ते वाकून पाहतो, त्याच्याकडे अनुभवाचा कागद नसला तरी मी मालकाकडे शब्द टाकतो.

पैसे घेऊन नोकरी लावून देणारे आणि अनुभवाचा खोटा दाखला विकणारे याच टपरीवर भेटतात. खोटा दाखला पहिल्याच घाटात उघडा पडतो, आणि तो पडताना शेजारी दुसऱ्याची गाडी असते.

काम ठरवताना लाजू नका. पगार महिन्याचा की फेरीचा, भत्ता किती, वाटखर्चीचा हिशेब कसा, ॲव्हरेज कमी पडलं तर कापणार का, हे आधीच विचारा. जादा माल भरायला सांगितला तर नाही म्हणा. कायद्यात त्याला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार असा दंड आहे. मोठी उचल घेऊ नका, ती फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही. मूळ लायसन कोणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. एक वही ठेवा आणि प्रत्येक फेरीची तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठे गेलात, काय माल होता, ते लिहा. वर्ष भरलं की मालकाकडून त्याच्या छापील कागदावर गाडीचा प्रकार आणि तारखा घालून सही-शिक्क्याचं पत्र घ्या. आणि हे पत्र भाड्याचे पैसे जमा झालेल्या दिवशी मागा, गाडी गॅरेजला उभी असताना नको.