मेंदूतील पाण्याचा उगम : कोरॉइड प्लेक्सस

रायपूर - तान्ह्या बाळाचे डोके वयाच्या मानाने झपाट्याने वाढू लागले, की ‘डोक्यात पाणी झाले’ असे म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात या विकाराला जलशीर्ष अशी संज्ञा आहे. हे पाणी बाहेरून आलेले नसते. मेंदूतील कोरॉइड प्लेक्सस या ऊतकात ते तयार होते आणि निरोगी माणसालाही त्याची नितांत गरज असते. दोष बहुतेक वेळा पाण्याच्या निर्मितीत नसून निचऱ्यात असतो. तो वेळीच ओळखल्यास मेंदूची हानी बऱ्याच अंशी टाळता येते.

रचना आणि कार्य

मेंदूच्या अंतर्भागात एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांत केशवाहिन्यांचे जाळे आणि त्यावर पेशींचा एकच थर, अशी झालरीसारखी रचना आढळते. हेच कोरॉइड प्लेक्सस. येथील केशवाहिन्यांतून रक्तातील अनेक घटक सहज बाहेर पडतात. मात्र वरच्या थरातील पेशी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असल्याने ते सरसकट पुढे जाऊ शकत नाहीत. या पेशी सोडियम, क्लोराइड आदी क्षारांचे अंश निवडून पोकळीत सोडतात व त्यांच्यामागोमाग पाणी जाते. अशा रीतीने मस्तिष्क-मेरुद्रव तयार होतो.

प्रौढ व्यक्तीत दररोज सुमारे ५०० मिलिलिटर द्रव निर्माण होतो. एका वेळी शरीरात मात्र तो सुमारे १५० मिलिलिटरच असतो. याचाच अर्थ, दिवसातून तीन ते चार वेळा तो बदलला जातो. सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा मेंदू या द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा भार ५० ग्रॅमच्या आसपासच जाणवतो. थायरॉइड संप्रेरक वाहून नेणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिनही या ऊतकात तयार होते.

बिघाड कसा होतो?

पोकळ्यांतील द्रव अरुंद मार्गांनी मेंदूच्या पृष्ठभागावर येतो व पुढे रक्तात शोषला जातो. जन्मजात दोष, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव, किंवा क्षयरोगामुळे होणारा मस्तिष्कावरणदाह यांमुळे हा मार्ग अडतो. निर्मिती मात्र सुरूच राहते आणि पोकळ्या फुगून मेंदूवर दाब पडतो. रक्तस्रावानंतर कोरॉइड प्लेक्ससलाच दाह होऊन द्रवाची निर्मिती वाढते, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०१७ मध्ये दिसून आले.

या ऊतकात क्वचित गाठही होते. पॅपिलोमा ही त्यांपैकी सौम्य गाठ प्रामुख्याने लहान मुलांत आढळते. ती संपूर्ण काढता आल्यास रुग्ण सहसा बरा होतो. परंतु तिला रक्तपुरवठा भरपूर असतो. पाच किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे ४०० मिलिलिटरच असल्याने ही शस्त्रक्रिया जोखमीची ठरते.

गर्भवतीच्या सोनोग्राफी अहवालात ‘कोरॉइड प्लेक्सस सिस्ट’ असा उल्लेख आल्यास कुटुंबीय घाबरून जातात. साधारणपणे शंभरांतील एक-दोन गर्भांत या पाणथळ पुटकुळ्या दिसतात आणि बहुतेक वेळा सातव्या महिन्यापर्यंत आपोआप नाहीशा होतात. गर्भाची वाढ व इतर अवयव व्यवस्थित असल्यास त्यांच्यापासून अपाय होत नाही. अन्य दोषही आढळले, तरच गुणसूत्रांच्या पुढील तपासण्यांचा विचार प्रामुख्याने करावा लागतो.

उपचार आणि अंतर

अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये कोरॉइड प्लेक्सस काढून टाकून जलशीर्षावर उपचार करण्याचा प्रयत्न केला होता. पुढे शंटची पद्धत रूढ झाली. त्यात साचलेला द्रव बारीक नळीवाटे पोटात सोडला जातो. नळी तुंबणे वा तिला जंतुसंसर्ग होणे, हा या उपचारातील मोठा धोका आहे. तुंबलेला शंट तातडीने बदलला नाही, तर जीवावर बेतू शकते.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. रायपूरमध्ये २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यरत असून तेथे मेंदू शल्यचिकित्सेची सोय आहे. परंतु बस्तरमधील जगदलपूरपासून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. युगांडातही अशीच अडचण होती. तेथे डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी दुर्बिणीच्या साह्याने द्रवाला नवी वाट करून देणे आणि कोरॉइड प्लेक्ससचा काही भाग जाळणे, या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील १०० बालकांच्या चाचणीत, वर्षभरानंतरच्या बौद्धिक वाढीत शंट आणि ही पद्धत यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ही पद्धत प्रत्येक बाळाला लागू पडत नाही.

उपचार कोणताही असो, तो लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते. बाळाचे डोके वेगाने वाढणे, टाळू फुगलेली राहणे, वारंवार उलट्या होणे, बुबुळे खाली झुकलेली दिसणे किंवा बाळ सुस्त होणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखविणे आवश्यक आहे. शंट बसविलेल्या मुलाला डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी जाणवू लागल्यास त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बाळाच्या डोक्याचा घेर मोजण्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत हे माप नोंदवून घेतल्यास वाढता धोका बराच आधी लक्षात येऊ शकतो.