समुद्रातली दूधबाव

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते तशी ही बाकाची कड घट्ट धरते. आम्ही सिन्नरची माणसं. आमचं पाणी म्हणजे देव नदीचे बंधारे आणि त्यांवरून निघालेले पाट. इथे लाट बाजूने आदळते आणि दोघांचेही कपडे भिजतात. "वयनी, हात भायर नको," खलाशी इंजिनाच्या आवाजावर ओरडतो.

समोर कुरटे बेट, त्यावर सिंधुदुर्ग. तट सलग दिसतो, दरवाजा काही सापडत नाही. होडी अगदी खडकांपाशी येते तेव्हा बुरुजांच्या आडोशातून वाट उघडते. "तासाभरात परत या," खलाशी बजावतो.

वाटाड्या सांगतोय : 1664 साली पायाभरणी, पायाच्या दगडांत ओतलेलं शिसं, हिरोजी इंदुलकरांची देखरेख. मी तटाला हात लावून ऐकतोय. ही मधेच विचारते, "एवढी माणसं इथं राबत होती, तर पीत काय होती?"

हिचा हा प्रश्न मला पाठ आहे. माहेर वावीकडचं, सिन्नरच्या पूर्व भागातलं. उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लावण्यात हिचं बालपण गेलं. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो होतो, तेव्हाही कलालबांगडी तोफेवरून नजर फिरवून ही तडक गोड्या पाण्याच्या तलावाकडे गेली होती. लोक समुद्र बघायला येतात. ही समुद्रात गोडं पाणी शोधते. हिच्यासोबत फिरायला लागल्यापासून मलाही किल्ला आधी पाण्यापासून वाचावासा वाटतो. तट कितीही उंच असला, तरी आतली विहीर आटली की वेढा जिंकलाच म्हणायचा.

वाटाड्या हसून आम्हाला दूधबावेकडे नेतो. चिरेबंदी विहीर, आत सावली. गडावर राहणारी एक बाई पोहरा वर ओढतेय. ती काही न विचारता हिच्या ओंजळीत पाणी ओतते. ही घोट घेते, थांबते, पुन्हा घेते.

"अहो, गोडंय! जराही मचूळ नाही."

"बारमास ह्याच पाणी," ती बाई म्हणते, "मे म्हयन्यात पन आटना नाय."

बेटावरचा पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका म्हणून त्याच्यावर तरंगून राहतो. उपसा बेताचा ठेवला तर टिकतो. मी हे सांगतो, पण हिचं लक्ष त्या बाईकडे आहे. दोर किती लागतो? गाळ कधी काढता? काढायला कोण उतरतं? दोघी कठड्याला टेकून बोलतायत. एकीची मालवणी, दुसरीची सिन्नरची बोली, कुठेही अडत नाही. दहीबाव आणि साखरबाव कुठे, तेही ती बाई हाताने दाखवते.

दरवाजाकडून खलाशाची हाक येते. तास संपत आलाय. मी घड्याळ दाखवतो.

"त्याला म्हणावं थांब जरा," ही पदर खोचते, "साखरबाव राहिलीय अजून."