हळदीची परीक्षा

स्वयंपाकातील हळदीला पिवळा रंग येतो तो कुर्कुमिन या द्रव्यामुळे. दाह कमी करण्याचा गुण त्यात आढळतो. परंतु असा गुण असणे आणि रोगावरील औषध ठरणे यांत अंतर आहे.

'अल्सरेटिव्ह कोलायटिस' या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात व रक्तमिश्रित जुलाब होतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अशा ६२ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर काहींना रोज ४५० मिलिग्रॅम कुर्कुमिन, तर इतरांना औषधाचा अंश नसलेल्या कॅप्सूल ८ आठवडे देण्यात आल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही.

त्याआधी, २०१५ साली, इस्राएल, हाँगकाँग व सायप्रस येथील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तेथे नेहमीच्या औषधाला रोज ३ ग्रॅम कुर्कुमिनची जोड दिली होती. ४ आठवड्यांत २६ पैकी १४ रुग्णांची लक्षणे शमली; कुर्कुमिन न मिळालेल्या २४ जणांपैकी एकाचीही नाही.

द्रव्य तेच असले, तरी मात्रेनुसार परिणाम बदलू शकतो. हळदीच्या पुडीत कुर्कुमिनचे प्रमाण अल्प असते. म्हणून चिमूटभर हळदीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करणे धोक्याचे आहे.